ओटीपी पुण्यात, शेत औशात : एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबात २०२४ च्या रब्बी हंगामात वडील आणि मुलगा यांच्यातले बोलणे जवळजवळ बंद पडले. वाद जमिनीच्या वाटणीचा नव्हता आणि सासू-सुनेचा तर नव्हताच. दोघांकडे स्मार्टफोन होते, घराला कॅमेरा होता, विहिरीवरची मोटार पुण्यात बसून चालू करता येत होती आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी शुभ सकाळचे फोटो पडत होते. एवढी सोय असलेल्या घरात अबोला कसा शिरला, आणि त्याच घरातल्या बायकांचे आणि नातीचे संबंध त्याच काळात घट्ट कसे झाले, याचा हा अभ्यास आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कामातून या कुटुंबाशी परिचय झाला. त्यांच्या संमतीने लिहिताना नावे, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

कुटुंब आणि गाव

आबा ७४ वर्षांचे, सातवी शिकलेले. नऊ एकर जमीन आणि एक विहीर. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. आजींना लिहिता-वाचता येत नाही. एकुलता एक मुलगा आयटीआय करून २००२ साली पुण्याकडे गेला. आज तो चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर असून बायको आणि धाकट्या मुलासह मोशीत राहतो. त्याची थोरली मुलगी विज्ञान शाखेत असून लातूरच्या वसतिगृहात राहते. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यातून लातूरला मूल पाठवणे बाहेरच्याला उलटे वाटेल, पण ‘लातूर पॅटर्न’वर, म्हणजे तिथल्या कसून अभ्यास घेण्याच्या पद्धतीवर, भिस्त असलेल्या घरांना त्यात नवल वाटत नाही. आबांची मुलगी नांदेडला दिलेली आहे.

गाव भूकंपानंतर नव्याने वसवलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागेवर हलवण्यात आली. त्या पुनर्वसनात घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीनांपासून एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५० आणि त्यावरच्यांना ७५०. आबांच्या वाट्याला ४५० चौरस फुटांचे घर आले, पुढे त्यांनी समोर पत्र्याची ओसरी काढली. जुन्या गावात दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे एकमेकांना चिकटून होती. नव्या गावात रस्ते सरळ आणि रुंद झाले, प्रत्येक घर आपापल्या प्लॉटवर सुटे उभे राहिले आणि भावकी पांगली. तंत्रज्ञानाने माणसे दुरावली असे आपण म्हणतो, तेव्हा त्याआधी ती जवळ होती असे गृहीत धरून चालतो. आबांचा शेजार मात्र मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी विरळ झालेला होता, आणि म्हणूनच पुण्याहून येणाऱ्या फोनला त्यांच्या लेखी एवढे मोल होते.

फोन येण्याची रीत

मुलगा पुण्याला गेला तेव्हा गावात किराणा दुकानात एक फोन होता. रविवारी सकाळी तो दुकानावर फोन करायचा, दुकानदार कुणातरी पोराला पिटाळायचा, आणि मुलगा दहा मिनिटांनी पुन्हा फोन लावायचा तोवर आबा दुकानाच्या फळीवर येऊन बसलेले असायचे. बोलणे चार लोकांसमोर आणि मोजक्या पैशांत व्हायचे, पण त्याची एक ठरलेली वाट होती : पाऊस किती झाला, पीक काय म्हणते, म्हैस व्याली का, आईचे गुडघे कसे आहेत, आणि शेवटी मुलाकडून पगाराचा आणि खोलीचा हालहवाल. पुढे घरात कीपॅडचा फोन आला आणि मिस्ड कॉलची भाषा रुळली. पुण्याला पोहोचलो की एक रिंग, आणि पैसे पाठवले की दोन.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि वर्षभरात घरात स्मार्टफोनही आला. व्हिडिओ कॉलवर नातवंडे दिसू लागली. ही पायरी या कुटुंबासाठी निखळ लाभाची होती, यात शंका नाही. धाकट्या नातवाने पहिली पावले टाकली ती आबांनी ओसरीत बसून पाहिली. २०२० च्या टाळेबंदीत मुलाचे कुटुंब काही महिने गावी येऊन राहिले. नातीची ऑनलाइन शाळा आजीच्या बाजेवर भरली आणि मुलाने पहिल्यांदाच घरातले सगळे कागद एका पिशवीतून काढून नीट लावले. खरे तर पुढच्या गुंत्याची सुरुवात या नीटनेटकेपणातच झाली.

सोय वाढत गेली तसतशी

शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात सत्तरी ओलांडलेल्या माणसाने बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून विहिरीवर जायचे, हे मुलाला पुण्यात झोप लागू देत नसे. त्याने मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला. वीज आली की स्टार्टर त्याच्या फोनवर कळवतो आणि तिथूनच मोटार चालू करता येते. पुढे गावात रात्रीच्या चोऱ्या वाढल्या तेव्हा त्याने ओसरीच्या तुळईला सिमकार्डावर चालणारा कॅमेरा लावला. खत-बियाण्याच्या दुकानदाराला तो थेट फोनपे करू लागला. लातूरच्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव त्याला रोज दुपारी व्हॉट्सॲपवर मिळू लागला.

यातली एकही गोष्ट वाईट हेतूने झालेली नाही, आणि प्रत्येकीने आबांचे काही ना काही कष्ट वाचवले. पण प्रत्येक सोयीबरोबर आबांचे एकेक काम, आणि त्या कामासोबतचे एकेक माणूस, त्यांच्या दिवसातून वजा झाले. आडतीवर गाडी लावून चहा घेत भावाची बोली ऐकणे संपले. खताच्या दुकानात आबा काउंटरपाशी उभे, आणि दुकानदार त्यांच्या डोक्यावरून पुण्याशी बोलतोय, “साहेब, कोणती कंपनी देऊ?” हा प्रसंग आबांनी मला दोनदा सांगितला, आणि दोन्ही वेळा त्यातला ‘साहेब’ हा शब्द दुकानदाराच्या आवाजात म्हणून दाखवला.

सर्वांत मोठा फेरफार मात्र नजरेत न भरणारा होता. आधार कार्डाशी मोबाईल क्रमांक जोडायची वेळ आली तेव्हा आबांचा फोन वारंवार बंद पडत असे, म्हणून मुलाने आपला क्रमांक दिला होता. बँकेतही तोच. पीएम किसान या केंद्राच्या शेतकरी मदत योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, आबांच्या खात्यावर येत. हप्ता जमा झाल्याचा संदेश पुण्यात वाजे. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, सक्तीची झाल्यावर आबा सेवा केंद्रात जाऊन बसत. आयुष्यभर औत आणि खुरपे धरलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नसत, मग ओटीपीचा मार्ग धरावा लागे, आणि ओटीपी जाई मुलाच्या फोनवर. मुलगा पाळीवर असला की फोन लॉकरमध्ये. केंद्रातला पोरगा म्हणे, “आबा, लावा की फोन लेकाला.” आबा लावत, उचलला जात नसे, आणि तेवढ्यात तो आकडा शिळा होई.

बाप-लेकाचे बोलणे हळूहळू या सहा आकड्यांवर येऊन ठेपले. “आला का?” “आला, लिहून घ्या.” पीक कसे आहे हे विचारायची मुलाला गरज उरली नव्हती, कारण मोटार किती तास चालली हे त्याच्या फोनवर होते. तब्येत कशी आहे हे विचारण्याआधी तो कॅमेऱ्यात पाहून घेई. आबांकडे सांगण्यासारखे जे काही होते, ते सांगण्याआधीच मुलाला ठाऊक झालेले असे.

तीन प्रसंग

नोव्हेंबर २०२४ मध्ये हरभऱ्याला तुषार संच लावलेला होता. दुपारी आबा आणि सालगडी पाइपांचे जोड सोडवून जागा बदलत असताना वीज आली, मुलाला संदेश गेला आणि त्याने जेवणाच्या सुट्टीत मोटार चालू केली. इजा झाली नाही, पण सुटलेल्या पाइपातून पाण्याचा लोट आला, गडी भिजला, पेरलेल्या सऱ्यांत चिखल झाला आणि स्टार्टरपेटीपर्यंत पोहोचेतो आबांना बांधावरून धावावे लागले. मुलाने संध्याकाळी माफी मागितली. आबा म्हणाले, “मालक तिकडून मोटार लावतेत, आम्ही हितं गडी म्हणून पाइप सोडायलोत.”

त्याच महिन्यात दुसरा प्रसंग घडला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याहून खाली होते, त्यामुळे हमीभाव केंद्रावर नोंदणी करण्याला अर्थ होता. मुलाने ती पुण्यातूनच लावून धरली. माल कधी आणायचा याचा संदेश नोंदवलेल्या क्रमांकावर येतो. तो आला तेव्हा मुलाची रात्रपाळी चालू होती, आणि दोन दिवसांनी त्याने तो वाचला तोवर आबांची पाळी हुकली होती. केंद्रावर पुन्हा खेपा घालण्याऐवजी आबांनी रागाने सगळा माल आडतीवर घातला. मुलाने हिशेब करून नुकसानीचा आकडा सांगितला, आणि तो कुटुंबाच्या गटावर टाकला. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच होती. तोटा घरात सांगणे वेगळे आणि तो जावई, मेहुणे यांच्यासमोर लिहून ठेवणे वेगळे. बोललेला शब्द विरून जातो, गटावरचा वर सरकवला की पुन्हा दिसतो.

तिसरा प्रसंग कॅमेऱ्याचा. डिसेंबरात थंडी वाढल्यावर आबांनी आपली बाज ओसरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाला नेली. कॅमेऱ्याच्या टप्प्यातून बाज गेली. मुलाला सकाळी रिकामी ओसरी दिसली, आणि त्याने वडिलांना फोन करण्याऐवजी शेजाऱ्याला केला. शेजारी धावतच आला, “आबा, बरे हाव ना? लेकाचा फोन आल्ता, तुमी दिसंना म्हणून.” आबा तेव्हा म्हशीपुढे कडबा टाकत होते. त्यांनी काही न बोलता खांद्यावरचा टॉवेल काढला, बाजेवर चढून कॅमेऱ्यावर टाकला आणि त्याची गाठ मारली. पुण्यात पडदा काळा झाला. मुलाने दोन दिवसांनी फोन केला तेव्हा आबांनी एवढेच विचारले, “बघायलास की तिथून सगळं, मग इचारतूस कशाला?” त्यानंतर त्यांनी मुलाचा फोन उचलणे सोडले.

त्याच घरातल्या दुसऱ्या दोन वाटा

आजींचे पाहिले तर चित्र पार वेगळे निघते. जुन्या काळात फोन म्हणजे पुरुषांचा व्यवहार होता. नांदेडच्या लेकीशी बोलायचे तर तिच्या सासरच्या फोनवर, सासूच्या परवानगीने आणि आबांच्या उपस्थितीत. आता आजी व्हॉट्सॲपवरचे माइकचे चिन्ह दाबून धरतात आणि बोलतात. वाचता न येण्याची अडचण तिथे उरतच नाही. लेकीचा फोटो पाहून नाव ओळखायचे, अंगठा दाबायचा, सांगायचे ते सांगायचे. प्रत्येक निरोपाच्या शेवटी त्या “ठेवते बरं का” म्हणतात, जणू पलीकडे कुणी फोन धरून उभे आहे. दुपारी घरात पुरुष नसताना मायलेकींचे असे निरोप येत-जात राहतात, आणि त्यांत उडदाच्या पापडापासून जावयाच्या बदलीपर्यंत आणि सुनेबद्दलच्या तक्रारीपर्यंत सगळे असते. निलंग्याची त्यांची बहीण, जिची भेट लग्नाकार्यातच व्हायची, आता आठवड्यातून दोनदा बोलते.

दुसरी वाट नातीची. तिच्या वसतिगृहात स्मार्टफोन चालत नाही. तिच्याकडे कीपॅडचा साधा फोन आहे आणि तो रविवारीच हातात मिळतो. ती आधी आई-वडिलांना आणि मग आबांना फोन करते. तिला आबांचे घर दिसत नाही, मोटार किती तास चालली ते कळत नाही, भावाचा संदेश येत नाही; म्हणून ती विचारते. आबांनाही तिचा दिवस कसा जातो ते दिसत नाही, म्हणून तेही विचारतात. अबोल्याच्या दिवसांत आबा फक्त तिच्याशी मोकळेपणाने बोलत होते, आणि मुलाने केलेल्या चुकांची यादीही त्यांनी तिलाच ऐकवली होती.

निरीक्षण

तरुण मंडळी पडद्यात डोके घालून बसतात आणि म्हातारी एकटी पडतात, हे नेहमीचे स्पष्टीकरण या घराला लागू पडत नाही. मुलगा दिवसातून चार-पाच वेळा वडिलांकडे पाहत होता. त्याची काळजी खरी होती आणि त्यासाठी तो पैसेही मोजत होता. दुरावा आला तो दोन कारणांनी. पहिले, बातमी माणसाच्या तोंडून येण्याऐवजी यंत्रातून येऊ लागली, त्यामुळे विचारण्याचे निमित्तच संपले. आणि म्हाताऱ्या माणसाशी होणारे बहुतेक बोलणे निमित्तावरच चालते. दुसरे, आबांच्या नावाच्या व्यवहारांची किल्ली ज्या क्रमांकात होती तो क्रमांक त्यांचा नव्हता. खाते त्यांचे, जमीन त्यांची, सातबारा त्यांचा, पण ‘हो’ म्हणण्याचा अधिकार पुण्यातल्या फोनमध्ये. घरातले कर्तेपण कुणी मागून घेतले नाही आणि कुणी दिलेही नाही. ते सोयीसोयीने सरकत गेले.

मुलाची बाजूही इथे नोंदवली पाहिजे. गावाच्या गटावर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, फिरली होती, आणि ती उघडणाऱ्यांच्या फोनचा ताबा जाऊन खाती रिकामी होतात हे तो वाचून होता. ओटीपी आपल्याकडे असलेला बरा, असे त्याला वाटे, आणि ती भीती खोटी म्हणता येत नाही. वडिलांचा मान आणि वडिलांचे पैसे यांपैकी त्याने पैसे निवडले, कारण मानाला धक्का लागतोय हे त्याला कॅमेऱ्यात दिसण्यासारखे नव्हते.

येळवस आणि नंतरची मांडणी

३० डिसेंबर २०२४ रोजी वेळ अमावस्या होती. लातूर-धाराशिवकडे येळवशीला पुण्या-मुंबईची माणसे रजा काढून गावी येतात. शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते आणि भज्जी, उंडे, आंबील यांवर भावकी आणि सोयरे जेवतात. मुलगा आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आला. आजींनी मला मुद्दाम बोलावले होते. जेवणे झाल्यावर कोपेपाशी जे बोलणे झाले ते सुरुवातीला कडक होते, पण एका मुद्द्यावर दोघेही लवकर आले : क्रमांक बदलायचा.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक औशाच्या आधार केंद्रात गेले. बोटे नेहमीप्रमाणे जुळली नाहीत, डोळ्यांची बुबुळे जुळली, ५० रुपये भरले आणि आबांचा स्वतःचा क्रमांक आधारला जोडला गेला. बँकेत त्याच क्रमांकासाठी अर्ज दिला. फसवणुकीच्या धोक्यावर उपाय म्हणून खाती वेगळी केली. योजनांचे हप्ते आणि रोजचा खर्च एका खात्यात, तर मालाच्या विक्रीची रक्कम यूपीआय न जोडलेल्या दुसऱ्या खात्यात, ज्यातून पैसे काढायला बँकेतच जावे लागते. सायबर तक्रारीचा १९३० हा क्रमांक नातीने पंचांगाच्या खिळ्याजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला. ओटीपीचा संदेश इंग्रजीत असतो. त्यातला आकडा कोणता आणि रक्कम कोणती हे ओळखायला तिने आबांना दोन दिवस बसवून शिकवले, आणि फोनवरून मागणाऱ्याला तो सांगायचा नाही, मग मागणारा बँकेचा साहेब असो की स्वतः मुलगा, असा नियम घातला. त्या शेवटच्या शब्दांवर आबा बऱ्याच दिवसांनी हसले.

स्टार्टर राहिला, पण मोटार लावण्याआधी आबांना फोन करायचा असे ठरले; वीज रात्री येते त्या आठवड्यात तेवढी मोकळीक आहे. कॅमेरा ओसरीतून काढून गोठा आणि कडब्याच्या गंजीकडे तोंड करून लावला. गटावर हिशेब टाकायचा नाही, हे सुनेने सुचवले आणि मुलाने मान्य केले.

पुढचे वर्ष

मोटार लावण्याआधीचा फोन सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचा असे. पुढे तो लांबू लागला, कारण “लावू का?” या प्रश्नाला आबा कधीच नुसते ‘हो’ म्हणत नाहीत. ओल किती आहे, वारा कसा आहे, शेजाऱ्याने काल पाणी दिले की नाही, हे सगळे सांगून मग निर्णय देतात. खरीप २०२५ ची ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची मोबाईलवरून नोंद, त्यांनी शेजारच्या पोराला सोबत घेऊन स्वतःच्या फोनवरून केली. त्या ॲपला शेतात उभे राहूनच पिकाचा फोटो काढावा लागतो, त्यामुळे ते काम पुण्यातून होण्यासारखे नव्हतेच. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या असंख्य शेतांप्रमाणे त्यांचेही सोयाबीन पाण्यात गेले. वीज नव्हती, कॅमेरा आणि स्टार्टर दोन्ही बंद होते, आणि मुलगा रोज संध्याकाळी फोन करून बांध फुटला का, विहिरीत गाळ किती गेला, हे आबांकडूनच ऐकत होता. पंचनाम्यासाठी कागद घेऊन आबा स्वतः गेले. मदत जमा झाल्याचा संदेश त्यांच्या फोनवर आला आणि तो त्यांनी मुलाला वाचून दाखवला.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. सोयाबीन कधी विकायचे यावर अजून वाद होतात, आणि मुलगा भावाचे संदेश पाठवणे थांबवत नाही. दिवाळीच्या सुमारास आजी मोरीत घसरल्या, मनगटाला मुका मार बसला. तेव्हापासून त्याच म्हणतायत की कॅमेरा पुन्हा ओसरीत लावा, म्हणजे लेकीला नांदेडहून मी दिसेन. आबांना ते मान्य नाही. लावायचाच तर स्वयंपाकघराकडे तोंड करून लावा, माझ्या बाजेकडे नको, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि स्वयंपाकघरात कॅमेरा सुनेला नको आहे.